एका बाटलीचा परवाना

प्रिय पट्टी,

तुझ्या अबकारी कचेरीत आता तुला सगळे मॅडम म्हणतात. बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसणारी आमच्यासारखी माणसं तर ते मॅडमसुद्धा दबक्या आवाजात म्हणतात. पण या पत्राची सुरुवात मला 'माननीय' लिहून करायची नव्हती. तसला एक अर्ज मी चार महिन्यांपूर्वी तुला केला होता आणि त्याला आलेलं उत्तर माझ्या टेबलाच्या खणात आहे. तीन ओळी. 'सदर अधिनियमात अशी तरतूद नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' आणि तिसऱ्या ओळीत तुझी सही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत तू मला पहिल्यांदा 'आपला' म्हणालीस, तेही छापील कागदावर.

तेव्हा हे पत्र घरी नेऊन वाच. मी चिडलेली आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मधे कुठे आवाज चढला तर दचकू नकोस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तू वहीतली प्रत्येक रेघ स्टीलच्या पट्टीने मारायचीस आणि माझ्या हातून दर आठवड्याला एखादं काचपात्र तडकायचं, तेव्हा सरांनी आपल्याला पट्टी आणि भट्टी अशी नावं ठेवली. तू नावाला जागलीस, मीही जागले. फक्त सरांना तेव्हा वाटलं नसेल की एक दिवस पट्टीच भट्टीला टाळं लावेल.

दुपारचे तीन वाजलेत. मी आमच्या बाटल्या भरायच्या खोलीत बसले आहे. समोर काचेच्या पार्टिशनपलीकडे तांब्याची भट्टी दिसते. तिच्या झाकणाला, नळाला आणि खोलीच्या दाराला तुमच्या माणसांनी दोरा बांधून लाख लावली आहे. लाख इतकी सढळ हाताने ओतली आहे की फरशीवर तिचे लाल ठिपके पडलेत. मी रोज नखाने एखादा खरवडते. आत तीन टाक्यांमध्ये नासपतीचं आंबवण होतं. त्याला कायदा कळत नाही. ते बिचारं आठ दिवस बुडबुडत राहिलं आणि मग त्याचं व्हिनेगर झालं. आता सगळ्या गल्लीत वास सुटलाय आणि शेजारची शिंपीण रोज नाकाला ओढणी लावून विचारते, अजून किती दिवस?

फाईल तू वाचलीच असशील. फाईलमध्ये असं आहे की माझा धाकटा भाऊ, परवानाधारक, याने ब्रँडीची एक बाटली 'व्हिनेगर' अशी खोटी नोंद करून कुरियरने परराज्यातल्या एका खाजगी पत्त्यावर पाठवली. बाटली गोदामात फुटली, वासावरून पार्सल उघडलं गेलं, मद्य जप्त झालं. पत्ता आहे, तारीख आहे, वजन आहे. पण ही गोष्ट फाईलच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि ती तुला कुणीतरी सांगायला हवी.

ठोक्या तुला ठाऊकच आहे. दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर हातोडी चालवतो म्हणून त्याचं खरं नाव आता घरातही कुणी घेत नाही. भट्टी त्याने स्वतःच्या हाताने घडवली. तू तेव्हा सलग तीन रविवार येऊन स्टुलावर बसली होतीस आणि झाकणाचा कोन चुकलाय म्हणून त्याच्या डोक्याशी भुणभुण लावली होतीस. आणि तो चुकला होताच. त्याने निमूटपणे सगळं झाकण उतरवून पुन्हा ठोकलं होतं. परवाना त्याच्या नावावर घ्यावा लागला, कारण मी त्या वेळी सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते आणि सरकारी पगार घेणाऱ्याला मद्य बनवायचा परवाना मिळत नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर मी नाव बदलून घ्यायला गेले. तेव्हा कळलं की नाव बदलणं म्हणजे नवा परवाना, नवा परवाना म्हणजे नवी तपासणी, आणि नव्या तपासणीत जवळच्या शाळेपासूनचं अंतर पुन्हा टेप लावून मोजणार. मधल्या काळात आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एक बालवाडी निघालेली. झालं. तेव्हापासून कागदावर तो मालक आणि मी 'सहायक, श्रेणी दोन'. ब्रँडी मी बनवते. कागदावर मी बाटल्या धुते.

यावर तू हसशील. मीही हसायचे. इतकी वर्षं आम्ही हसतच काढली. दारात आलेल्या माणसाला दिवसाला दोनच बाटल्या विकायच्या, आणि त्याही त्याने कारखाना फिरून पाहिल्यावरच, असा नियम आहे. आमचे एक निवृत्त पोस्टमास्तर दर महिन्याला येतात. त्यांना एक बाटली हवी असते, पण नियम म्हणून दर महिन्याला ते माझ्याबरोबर पिंपांभोवती फेरी मारतात. मी भट्टी दाखवते, ते 'अरे वा, तांब्याची का?' असं विचारतात, आणि मग मी पावती फाडते. समोरच्या दुकानाला, जे आमच्या दारातून दिसतं, ज्याच्या मालकाला मी इथून हात करते, त्याला बाटली द्यायची तर ती आधी सव्वाशे किलोमीटरवरच्या घाऊक वितरकाच्या गोदामात जाते, तिथे झोप काढते आणि त्याच रस्त्याने परत येते. टेकडीखालची द्राक्षमळेवाली बाई तिची वाइन पोस्टाने देशभर घरोघर पाठवते. तिची द्राक्षं, माझी नासपती. तिचंही आंबवलेलं, माझंही आंबवलेलं. पण मी ते उकळून त्याची वाफ धरली, एवढ्याने मी गुन्हेगारीच्या वाटेला लागले. ठोक्या म्हणायचा, पाणी घालून वाइनच्या ताकदीची करू आणि पाठवू. मी त्याला म्हटलं, मग त्यापेक्षा मी जेलमध्ये जाईन.

आता पिंपाची गोष्ट. आम्ही भट्टी पेटवली त्या वर्षी सर आले होते. मुलगी आणि जावई त्यांना दूर आपल्याकडे घेऊन जाणार होते, त्याआधीची ती शेवटची भेट. तू त्या दिवशी नव्हतीस, तुझी कुठेशी तपासणी होती. सरांनी पहिली धार टाकून द्यायला लावली. लोक पहिल्या धारेची म्हणून फुशारकी मारतात, पण ती विषारी असते, हे त्यांनी वर्गात सांगितलं होतं तसंच, त्याच स्वरात, मला पन्नाशी गाठल्यावर पुन्हा सांगितलं. मधली धार हातावर घेतली, चोळली, हुंगली. मग, धार संपायच्या आधीच निघायचं असल्यामुळे, ओक लाकडाच्या एका लहान रिकाम्या पिंपावर खडूने स्वतः तारीख घातली आणि म्हणाले, याला आठ वर्षं हात लावू नका. मी म्हटलं, सर, आठ म्हणजे फार झाली. ते म्हणाले की मला चालतील. ते तेव्हा शहात्तर वर्षांचे होते.

या वर्षी आठ झाली. आम्ही पिंप उघडलं. दोनशे अकरा बाटल्या भरल्या. पहिली बाजूला काढली आणि मी सरांच्या लेकीला फोन केला. ती म्हणाली की बाबा आता बिछान्यातून उठत नाहीत. जिभेची चव गेली आहे, सगळं कागदासारखं लागतं म्हणतात. पण पिंपाचं विचारतात. महिन्यातून दोनदा तरी विचारतात, तारीख सांगून.

फाईलमधला पत्ता त्या लेकीच्या सासरच्या नावाने आहे. तुला ते नाव ओळखू आलं नसणार, मलाही आधी माहीत नव्हतं. बाटली सरांना जात होती, पट्टी.

हे वाचून तुला वाटेल की मी सरळ कुरियर गाठलं. नाही. चार महिने मी कायद्याच्या दारात बसले, कारण मीही त्याच प्रयोगशाळेत शिकले आहे. सर राहतात त्या राज्यात दारू विकतं फक्त सरकार. म्हणून मी त्यांच्या खात्याला लिहिलं. त्यांनी कळवलं की मान्य यादीत नाव हवं, यादी वर्षातून दोनदा निघते, लेबलवरची अक्षरं अमुक उंचीची हवीत, आणि किमान मागणी पन्नास खोक्यांची. एका खोक्यात बारा बाटल्या. माझं अख्खं पिंप, आठ वर्षांचं, त्यांच्या ओंजळीत ओतलं तरी अठरा खोकीसुद्धा भरत नाहीत. मग तिथल्या एका भल्या कारकुनाने सांगितलं की एखाद्या नागरिकाने स्वतःसाठी विशेष मागणी नोंदवली तर एक बाटली मागवता येते. लेक अर्ज घेऊन गेली. तिला सांगितलं, पिणाऱ्याने स्वतः यायला हवं. ती म्हणाली, ते झोपून आहेत. मग डॉक्टरचा दाखला आणा. तिने दाखला आणला. त्यावर खिडकीतली बाई म्हणाली, 'माणूस इतका आजारी आहे तर त्याला दारूची परवानगी आम्ही कशी देणार?' लेक फोनवर हे सांगताना हसायला लागली आणि हसता हसता रडू लागली.

मग मी तुला अर्ज केला. आपल्या राज्यातून एक बाटली, विक्रीसाठी नव्हे, भेट म्हणून, एकदाच बाहेर पाठवायची विशेष परवानगी. सरांचं नाव मी मुद्दाम घातलं नाही. मला वाटलं, नाव घातलं तर ती ओळख लावल्यासारखी होईल, आणि तुला ते आवडत नाही. आता विचार करते की नाव घातलं असतं तर तू काय केलं असतंस. खरं सांगू, मला वाटतं तू तरीही त्याच तीन ओळी लिहिल्या असत्यास. फक्त त्यानंतर घरी जाऊन जेवली नसतीस. तीन ओळी आल्या त्या दिवशी मी तुझ्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. टपालवाला अजून दारात उभा होता, तो दोन पावलं मागे सरकला.

स्वतः का गेले नाही, हेही विचारशील. प्रवाशाला एक बाटली जवळ बाळगता येते, तेवढी सूट आहे, मला माहीत आहे. पण त्याच आठवड्यात टाकीवरच्या शिडीवरून माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर. दोन दिवसांचा रस्ता, बसून जाणं शक्य नव्हतं. ठोक्या जायला तयार होता. पण नासपती आली होती, आंबवण तयार होत होतं, आणि भट्टी पेटलेली असताना परवानाधारक जागेवर हजर हवा, हा तुमचाच नियम, भिंतीवर चौकटीत लावलेला. त्याने हंगाम सोडायचं ठरवलंही होतं. मीच नको म्हटलं. म्हटलं, सर थांबतील. शनिवारी लेकीचा फोन आला की आता दिवसांचाच प्रश्न आहे. सोमवारी पार्सल गेलं.

गोदामात बाटली कशी फुटली, माहीत नाही. नीट बांधली होती, पेंढा घातला होता, वर्तमानपत्राचे सात थर होते. चार दिवसांनी तुमचे दोन निरीक्षक आले. मी त्या वेळी दवाखान्यात होते, प्लास्टर कापून घेत होते. परत आले तर रिक्षातूनच दिसलं की दारात गाडी आहे आणि ठोक्या पायरीवर बसलाय, हात मांडीवर ठेवून, हातोडीशिवाय. निरीक्षकांनी त्याला विचारलं होतं की हे कुणी पाठवलं. त्याने माझी वाटसुद्धा पाहिली नाही. सरळ म्हणाला, 'मीच पाठवली,' आणि सही केली. आत गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं, तर म्हणाला, 'तू गप्प बस. दंड होईल, भरून टाकू.' त्याला खरंच वाटलं होतं की लाल सिग्नल तोडल्यासारखं काहीतरी आहे.

मी गप्प बसले, पट्टी. हे लिहिताना माझं मलाच पचत नाही. एक दिवस नाही, तीन आठवडे. पाय दुखतोय, सर आजारी आहेत, उद्या बोलू, वकिलाला विचारू. स्वतःला सांगायला माझ्याकडे कारणांची कमतरता नव्हती.

त्या मधल्या दिवसांत लेकीने एकदा फोन सरांच्या कानाशी धरला. मी बाटली फुटल्याचं सांगितलं नाही. मी एका दुसऱ्या बाटलीचं बूच काढलं, पेल्यात थोडी ओतली आणि त्यांना सांगत बसले. रंग कसा आलाय, आधी नासपतीची साल येते, मग मध, मग लाकूड, मग घशात ऊब. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं, नुसता श्वास. मग बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, मधली धार कधी तोडलीस, शेवटची कधी वेगळी काढलीस? मी आठ वर्षांपूर्वीची वही काढली आणि वाचून दाखवलं, ओल्या पुठ्ठ्याचा वास आल्यावर. त्यावर ते म्हणाले, 'मग उशीर केलास. पुठ्ठ्याच्या आधी तोडायची.' इतकं स्वच्छ, फळ्याजवळ उभं असल्यासारखं. लेक म्हणाली, दोन महिन्यांत इतकं सलग बोलले नव्हते. फोन ठेवून मी पुन्हा एक घोट घेतला, सावकाश. आणि अगदी शेवटी, सगळं उतरून गेल्यावर, जिभेच्या मागे तो पुठ्ठा होता. पिंप उघडल्यापासून कुणालाच तो सापडला नव्हता. ना मला, ना पोस्टमास्तरांना. त्या माणसाने न पिता, न हुंगता, दोन दिवसांच्या अंतरावरून ओळखला.

दोन दिवसांनी सर गेले. तुला कुणी कळवलं नसणार, म्हणून हे तुला मीच सांगते आहे. शांतपणे गेले, दुपारी, लेक जवळ होती.

त्यानंतर काही दिवस मला तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर मी काय केलं असतं, माहीत नाही. आणि मग एक गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तू एकदा रडत माझ्या खोलीवर आली होतीस. कुणीतरी पार्सलमधून भेसळीची दारू एका वस्तीत धाडली होती, लग्नघरी वाटली गेली, आणि तुला इस्पितळात जबाब घ्यायला पाठवलं होतं. एकोणीस माणसांची दृष्टी गेली होती. त्यातल्या एकाने तुझा हात चाचपून विचारलं होतं की बाई, दिवा लावला नाहीत का. तू मला म्हणालीस, पहिली धार न टाकणाऱ्या माणसाला मी कधी सोडणार नाही. मी तेव्हा तुझ्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. म्हणजे तुझा कायदा कुठून आला हे मला माहीत आहे. माझी तक्रार एवढीच आहे की ज्याने तुला आणि मला पहिली धार टाकायला शिकवलं, त्याच्यापर्यंत एक बाटली पोचवायला त्या कायद्यात एक फटसुद्धा नव्हती. एवढा मोठा ग्रंथ, इतकी कलमं, पोटकलमं, आणि 'भेट' हा शब्द त्यात एकदाही नाही. मी शोधला. शब्दाखाली बोट ठेवून, पानन्‌पान.

शोधताना दुसरं एक पोटकलम सापडलं. तोपर्यंत सुनावणीची नोटीस आली होती, म्हणून ते नीट वाचलं. परवानाधारकाने स्वतः असा गुन्हा केला तर परवाना कायमचा रद्द, त्याला पुन्हा कधीच मिळणार नाही आणि भट्टी तोडून जमा. पण त्याला न सांगता एखाद्या नोकराने तो केला असेल, तर परवानाधारकाला दंड आणि पंधरा दिवस बंदी. नोकरावर मात्र दहा वर्षं मद्यनिर्मितीच्या कुठल्याही जागेत पाऊल ठेवायला मनाई. मी ते ठोक्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग तर बरंच झालं मी सही केली ते, तू दहा वर्षं घरी बसून काय करणार, मी काय, भांडी घडवीन. आणि उठून बाहेर गेला. त्याच्याशी यापुढे वाद घालणं म्हणजे तांब्याच्या पत्र्याशी बोलणं.

पार्सल मी बांधलं होतं, पट्टी. एका पायावर उभी राहून, या टेबलावर. 'व्हिनेगर' ही नोंद मी कुरियरवाल्याला फोनवरून सांगितली. ठोक्याला मी सांगितलं होतं की त्यात शाळेतल्या एका जुन्या बाईंसाठी पुस्तकं आहेत. त्याने ते खोकं स्वतः उचलून गाडीत ठेवलं, आणि पुस्तकं म्हणजे जड असणारच, असं म्हणाला.

आज सकाळी मी तुमच्या कचेरीत आले होते. तू वरच्या मजल्यावर बैठकीत होतीस. खाली आवक विभागात मी माझा जबाब दिला, दोन प्रती, पानागणिक सही. कुरियरवाल्याच्या फोनची नोंद जोडली. शिक्का मारणाऱ्या मुलीने विचारलं, हुद्दा काय लिहू? मी म्हटलं, सहायक, श्रेणी दोन. पोचपावती माझ्याकडे आहे. उद्या तो कागद तुझ्या टेबलावर येईल, आणि तो मी तिथे ठेवला हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळावं असं मला वाटत नव्हतं. मनाई कधी लागू होईल, कोण जाणे. भट्टी काचेतून पाहण्याला मनाई आहे का, हे मात्र पोटकलमात लिहिलेलं नाही. वाचून पाहिलं मी.

मला तुझ्याकडून सूट नको आहे. तू ती देणारही नाहीस, आणि दिलीस तर मला तुझी लाज वाटेल. जबाब वाचल्यावर तू ही फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देशील, जवळच्या माणसाची सुनावणी घेता येत नाही असा नियम आहे, आणि तू तो पाळशील याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मी हे पत्र लिहिलं ते त्यानंतरच्या वेळेसाठी. गुरुवारी अकरा वाजता सुनावणीला तू त्या खुर्चीत नसशील, म्हणजे मोकळी असशील. सुनावणीच्या खोलीत मागच्या बाकांवर कुणीही बसू शकतं. ठोक्याला यातलं काही माहीत नाही. माझा जबाब वाचायला लागले की तो उठणार आणि ही खोटं बोलतेय म्हणून ओरडणार. एकदा का ते त्याच्या तोंडून नोंदीत गेलं, की दोघांचेही जबाब संशयाचे ठरतील आणि भट्टी जाईल. मी पुढे उभी असेन, मला मागे वळून त्याला आवरता येणार नाही. तू ये. त्याच्या शेजारी बस. तो उठायला लागला की त्याचा हात धर आणि त्याला खाली बसव, आणि सगळं संपेपर्यंत सोडू नकोस.

तुझीच,
भट्टी